पायांची गाडी

गाडी बघायला आलेल्या गृहस्थांनी तिच्याभोवती एक फेरी मारली, टायर दाबून पाहिले, बॉनेट उघडून बंद केलं आणि मग ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडून आत वाकले. बराच वेळ ते वाकलेलेच होते. सरळ झाले तेव्हा त्यांचा चेहरा अवघडलेला होता.

"गाड़ी तो अच्छी रखी है आपने, बहनजी," ते म्हणाले. "पर इसमें पैर कहाँ रखें?"

मी कुबड्यांवर उभी होते. बोलून गेल्यावर त्यांची नजर कुबड्यांवर गेली आणि ते आणखीच ओशाळले. म्हणाले, "मतलब, हमारी बहू चलाएगी. उसको तो पैडल लगेंगे. आप इसको पहले जैसी करवा दीजिए, जैसी कंपनी से आई थी. फिर हम ले जाएँगे."

माणूस सभ्य होता, मागणी रास्त होती. पंधरवड्यावर माझं कॅनडाचं विमान होतं. मी "अच्छा" म्हटलं आणि भिंतीचा आधार घेतला.

मी दोन वर्षांची असताना मला पोलिओ झाला. घरात सगळे 'पाय गेले' म्हणत. पण ते गेले नव्हते. माझ्याबरोबर लांबीला वाढले, जाडीला राहिले, थंडीत ठणकायचे, डास चावला तर खाजायचे. फक्त उचलता येत नसत. बाबा अमरावतीकडचे, फॅक्टरीत लागले म्हणून जबलपूरला आले. फॅक्टरीचं क्वार्टर मिळत असूनही दीक्षितपुऱ्यात भाड्यानं राहिले, कारण तिथे आईशी बोलायला चार मराठी घरं होती आणि तळमजल्यावरच्या खोल्या मिळत होत्या. माझ्यासाठी पायऱ्या नकोत, एवढं एकच ते घर घेताना त्यांनी पाहिलं.

शाळेत मी त्यांच्या सायकलवर गेले, कॉलेजात स्कूटरवर. पुढे केंद्र सरकारच्या एका ऑफिसात हिशेबाच्या विभागात नोकरी लागली आणि सायकलरिक्षा सुरू झाली. रिक्षावाले भैया भले होते. काखेत हात घालून उतरवताना मान दुसरीकडे वळवायचे. तरी ऑफिसच्या दाराशी पान खात उभे असलेले लोक बोलणं थांबवून बघायचे आणि मी खुर्चीवर टेकले की पुन्हा बोलू लागायचे. रोज. मला वाटतं त्यांनाही ते कळत नसावं.

बाबा निवृत्त झाले त्या वर्षी त्यांनी गाडी घेतली. बदली होऊन चाललेल्या एका साहेबांची, लहानशी, पांढरी. आई म्हणाली, "या वयात गाडी काहून पाहिजे तुम्हाले? जायचं कुठं?" आमच्या गल्लीत गाडी शिरत नव्हती, म्हणून गल्लीच्या तोंडाशी ओळखीच्या माणसाचं गोदाम होतं, त्याच्या आवारात ती लावली. मग बाबा रोज सकाळी जेवणाचा डबा घेऊन तिथे जाऊ लागले, जणू फॅक्टरीतच चाललेत. महिनाभर आम्हाला वाटलं, गाडी पुसत असतील.

ते तिला हातांची करत होते.

स्टिअरिंगखाली उजवीकडे त्यांनी एक दांडा बसवला: पुढे ढकलला की ब्रेक, आपल्याकडे ओढला की वेग. गिअरच्या दांड्यालाच दुसरी एक मूठ जोडली, ती आवळली की क्लच. एका हातानं वळवता यावं म्हणून स्टिअरिंगवर गोल गुंडी लावली. सीटखाली फिरती चकती घातली, त्यामुळे दार उघडलं की सीट बाहेर तोंड करायची. मी तिच्यावर टेकायचं, पाय हातानं उचलून घ्यायचे आणि फिरून आत. पेडल त्यांनी कापूनच टाकले. गाडी हलली की माझे पाय कुठेही जाणार, पायाला बांधलेलं लोखंडी कॅलिपर पेडलखाली अडकलं तर ब्रेक लागायचा नाही, म्हणून. त्या जागी एक गुळगुळीत पत्रा ठोकला. आयुष्यभर मोठ्या लष्करी ट्रकांचं काम केलेला माणूस. त्यांनी लावलेला एकेक दांडा ट्रकलाही पुरला असता.

शिकायला आम्ही सकाळी मैदानावर जायचो. बाबांच्या पायाशी काहीच नव्हतं, तेही माझ्याइतकेच माझ्या हातांवर अवलंबून होते. मी दांडा ढकलायला घाबरायचे, गाडी आचके देत बंद पडायची.

"काहून घाबरून राहिली तू?" ते म्हणायचे. "इथं भिंत आहे का कुठं? धडकायलेबी काही नाही. ओढ."

मी ओढला. गाडी पळाली. मी आयुष्यात पहिल्यांदा आपल्या बळावर पळत होते, आणि वारा लागत होता, आणि बाबा शेजारी दाराची कड घट्ट धरून "बस, बस, आता ढकल, अगं ढकल!" असं ओरडत होते.

त्यानंतरची वर्षं मी जगले. त्याआधीची नुसती वाढले.

ऑफिसला मी स्वतः जाऊ लागले. पान खाणारे पहिले काही दिवस बघायचे, मग त्यांना त्यात बघण्यासारखं काही राहिलं नाही. पावसात अडकलेल्या ऑफिसातल्या बाया मला "दीदी, उधर से जा रही हो क्या?" विचारायच्या, आणि मी त्यांना सोडायचे. मी, लोकांना. रविवारी आईला घेऊन कुंडमच्या रस्त्याला जायचे. बाबा यायचे नाहीत, म्हणायचे, "तुम्ही जा मायलेकी, मी पेपर वाचतो." शहर मागे पडलं की दोन्ही बाजूंना जंगल लागायचं. एखादी सावली बघून मी गाडी थांबवायचे, सीट बाहेर फिरवायचे आणि पाय रस्त्याकडे सोडून बसायचे. आई शेंगा सोलून माझ्या हातावर ठेवायची. एकदा तिथून चाललेल्या एका म्हातारीनं आईला विचारलं, कुठून आलात. आईनं तिला हिंदी सोडून चक्क मराठीत सांगितलं, "माह्या पोरीनं आणलं मले." म्हातारीला काही कळलं नाही. तिनं मान डोलावली आणि गेली.

माझा एक भाऊ, माझ्याहून लहान. तो शिकून कॅनडाला गेला, तिथेच लग्न केलं. बाबा गेले तेव्हा तो आला, आई गेली तेव्हाही आला. आईच्या शेवटच्या वर्षात दवाखान्याच्या सगळ्या फेऱ्या मी मारल्या. ती मागच्या सीटवर आडवी आणि मी पुढे. शेवटच्या फेरीत तिनं विचारलं, "कुठं चाललो आपण, कुंडमले का?" मी "हो" म्हटलं.

आई गेल्यावर घर मोठं झालं. मी ऑफिसला जात राहिले, गाडी आवारातून निघत राहिली. मग खांदे दुखायला लागले.

आधी उजवा. दांडा ढकलताना खांद्यात कळ यायची. मग कुबड्यांवर भार टाकताना यायची, मग न्हाणीघरातला कठडा धरून उठताना. डॉक्टरांनी हात वर करायला सांगितले, दाबून पाहिले. म्हणाले, पोलिओ झालेल्यांचं उतारवयात असं होतं; ज्या स्नायूंनी इतकी वर्षं पायांचं काम केलं ते थकतात. मी विचारलं, मग ते पुन्हा भरून कधी निघतील. ते म्हणाले, "जितना है, उसको बचा के चलिए."

मी वाचवत नव्हते. वाचवून करायचं काय होतं?

कमानिया गेटपाशी दुपारच्या गर्दीत ते झालं. पुढे एक हातगाडी आडवी थांबली होती, पेरूंची. मी दांडा ढकलला. म्हणजे मी ढकलायचं ठरवलं. हात पुढे गेलाच नाही. उजव्या हातातून शक्ती निघून गेली, पाणी ओतल्यासारखी. मी डावा हात स्टिअरिंगवरून काढून दांड्यावर टाकला, दोन्ही हातांनी ढकलला, आणि तोवर गाडी हातगाडीला लागली होती. फार जोरात नाही. पेरू रस्त्यावर घरंगळले. पेरूवाला बाजूला उडी मारून उभा राहिला होता, त्याला खरचटलंसुद्धा नाही.

लोक जमले. शिव्या द्यायला आलेला एक जण खिडकीतून आत वाकला आणि कॅलिपर बघून गप्प झाला. मला त्याच्या शिव्या हव्या होत्या. पेरूवाल्यानंच पेरू गोळा केले. एक म्हातारे दुकानदार पाणी घेऊन आले, म्हणाले, "बेटा, पानी पी लो." आणि मी पाणी पीत असताना हळूच, माझ्यावर माया करत म्हणाले, "अब रहने दो बेटा, आप मत चलाओ." आजूबाजूच्या सगळ्यांनी माना डोलावल्या. कुणा एका तरुणानं मला पलीकडच्या सीटवर सरकवून गाडी ढकलत ढकलत आवारापर्यंत आणून दिली. मी वाटभर खाली बघत होते.

त्या रात्री मी भावाला फोन केला नाही. चार दिवसांनी त्याचाच आला, ऑफिसातल्या कुणीतरी त्याला कळवलं होतं.

"ताई, तू काहून ऐकून नाही राहिली? किती वर्षं म्हणून राहिलो मी, ये म्हणून. तिथं कोण आहे आता आपलं?"

"गाडी आहे," मी म्हणाले.

तो हसला. मला वाटतं त्याला तो विनोद वाटला.

मी वेळेआधी निवृत्ती घेतली. भाड्याचं घर, सोडायला फार वेळ लागला नाही. भांडी शेजारणीला दिली, आईच्या साड्या वाटल्या. कागदपत्रं भावानं तिकडून केली. सगळं हातावेगळं होत गेलं, आणि गाडी तेवढी उरली.

ती आहे तशीच कुणाला तरी मिळावी, असं माझ्या मनात होतं. माझ्यासारख्या कुणाला तरी. मी ऑफिसात सांगून ठेवलं. एका जुन्या सहकारी बाईंनी कुंडमच्या एका मुलीबद्दल सांगितलं: शाळेत शिकवते, तिचेही पाय पोलिओचे. मी निरोप पाठवला. ती बसनं आली, मोठ्या भावाबरोबर. भावानं तिला बसमधून उचलून उतरवलं असणार, कारण तिची ओढणी खांद्यावरून सुटून चुरगळली होती आणि मुलगी ती सारखी सारखी नीट करत होती.

मी तिला सीट फिरवून दाखवली. ती टेकली, पाय उचलून घेतले, फिरून आत गेली आणि एकदम हसली. मी शेजारी बसले. ज्या मैदानात बाबांनी मला शिकवलं, तिथवर तिच्या भावानं गाडी ढकलत नेली, आणि पुढे त्यानं आमच्यामागे चालत यायचं ठरलं. तो मागे चालत राहिला आणि ती शिकत राहिली. माझ्याहून लवकर शिकली. तिचे खांदे भरलेले होते, तरुण. दांडा ढकलताना तिला काहीच जड जात नव्हतं. मैदानाच्या टोकाला तिनं गाडी वळवली आणि भावाला पार करून पुढे नेली. तो पळत मागे आला.

"दीदी," ती समोर बघतच म्हणाली, "मैं तो स्कूल खुद जा सकती हूँ इससे."

"जा सकती हो," मी म्हणाले.

"और कहीं भी."

त्या क्षणी मला वाटलं, जाऊ दे मी गेले तरी. हे इथे राहील.

परत आल्यावर तिच्या भावानं गाडीत वाकून पाहिलं. त्याचाही प्रश्न तोच: पेडल कुठे आहेत. मी त्याला बाबांनी ते का कापले ते सांगितलं. तो वाईट माणूस नव्हता. घरातला कर्ता होता, थकलेला, बहिणीला इतक्या लांब बसनं घेऊन आलेला. "गाड़ी लेंगे तो घर भर के काम की लेंगे," तो म्हणाला. "इसको तो अकेली यही चला पाएगी. कल इसका ब्याह हो गया, फिर?"

ती सीटवर बाहेर तोंड करून बसली होती, पाय खाली सोडून. मी तिच्याकडे बघितलं, ती बोलेल म्हणून वाट पाहिली. मग मीच बोलले, पेडल पुन्हा लावून घेता येतील, हातांचं आहे ते राहू दे, दोन्ही राहील. तो म्हणाला, "फिर फँसा पैर तो? आपके पिताजी ने काटा तो कुछ सोच के ही काटा होगा न." माझंच सांगितलेलं त्यानं मला परत दिलं, आणि त्याचं बरोबर होतं.

दोन दिवसांनी तिचा फोन आला. आवाज अगदी बारीक. "दीदी, आप मत रुकिएगा हमारे लिए."

मी म्हटलं, "भैया से एक बार और बात करूँ मैं?"

"नहीं दीदी. रहने दीजिए."

त्यानंतर ते गृहस्थ आले, ज्यांच्या सुनेला पेडल हवे होते.

गॅरेज रानीतालकडे होतं; गाडी तिथवर दोर बांधून ओढत नेली. मिस्त्री मधल्या वयाचा, अबोल, आधी कधी माझ्या गाडीला हात न लावलेला. ओळखीचा मिस्त्री मी मुद्दाम टाळला. चहाच्या टपरीवरून त्यानं माझ्यासाठी खुर्ची मागवली. म्हणाला, "दीदी, आप घर जाइए, शाम तक हो जाएगा." मी म्हटलं, बसते.

काय बघायला बसले कोण जाणे. सोबत करायला, असं तेव्हा मनाशी म्हटलं होतं.

गुंडी लगेच निघाली. गिअरच्या मुठीचे नट गंजले होते, तेल टाकून सोडवावे लागले. सीट काढली, खालची चकती काढली. पत्रा उचकटला, तर त्याखाली कित्येक वर्षांची धूळ, शेंगांची टरफलं, आईच्या केसांतला एक आकडा. मिस्त्रीनं ते सगळं ब्रशनं लोटून बाहेर काढलं. मी आकडा मागणार होते. मागितला नाही. मागून तरी तो मी कुठे लावणार होते?

उजवीकडचा दांडा मात्र सुटेना. बाबांनी तो नुसता नट-बोल्टनं बसवला नव्हता, खालून जोडून टाकला होता, वेल्ड करून. मिस्त्रीनं पान्यानं पाहिलं, हातोड्यानं पाहिलं. घामाघूम होऊन तो बाहेर आला.

"किससे बनवाया था ये?"

"पापा ने बनाया था."

"टूट ही नहीं रहा," तो म्हणाला, आणि आत जाऊन कापायचं मशीन घेऊन आला.

ठिणग्या उडायला लागल्या. माझ्या पायापर्यंत येत होत्या, कॅलिपरवर पडून विझत होत्या. जळक्या लोखंडाचा वास सुटला. त्या आवाजात मी रडले असते तरी कुणाला ऐकू आलं नसतं. पण रडू आलं नाही. मी नुसती बघत होते. बाबा डबा घेऊन महिनाभर गोदामाच्या आवारात जात होते, ते आता एका दुपारीत निघत होतं. शेवटी दांडा खाली पडला, जड आवाज झाला.

"इसका क्या करना है?" मिस्त्रीनं तो उचलून विचारलं.

विमानात सामान किती न्यायचं ते भावानं पुन्हा पुन्हा बजावलं होतं. आणि नेऊन तरी? कुंडमच्या मुलीला पाठवावा असं क्षणभर वाटलं. गाडीशिवाय त्या दांड्याचं तिनं काय करायचं? मी म्हटलं, "रख लीजिए." त्यानं तो कोपऱ्यातल्या भंगारात ठेवला, टाकला नाही, ठेवला. तेवढ्यानंही मला बरं वाटलं नाही.

भंगारातल्या तसल्याच गाडीचे पेडल आणून त्यानं बसवले, सीट पुन्हा सरळ घट्ट केली. दोन-तीन वेळा पेडल दाबून पाहिले, गाडी सुरू करून ऐकली. "चलो. अब बिलकुल कंपनी जैसी," तो म्हणाला, समाधानानं.

मी म्हटलं, "एक बार बैठ के देखूँ?"

त्यानं काही न विचारता दार उघडून धरलं. गाडी सुरूच होती. सीट फिरत नव्हती. मी वरची कड धरून आडवी आत घुसले, खांद्यातून कळ गेली. डावा पाय हातानं उचलून आत घेतला, कॅलिपर दाराला ठणकन लागलं. मग उजवा. तो माझ्या हातातून सुटला आणि खाली पडला, बरोबर वेगाच्या पेडलवर.

गाडी किंचाळली. गिअर नव्हता म्हणून जागची हलली नाही, पण इंजिनाचा आवाज वाढत वाढत सगळं गॅरेज त्यानं भरून गेलं. टपरीवरचे लोक उठून उभे राहिले. माझा पाय त्या पेडलवर होता, कॅलिपरच्या लोखंडाच्या वजनानं दाबत होता, आणि मला तो उचलता येत नव्हता. मी वाकून दोन्ही हातांनी मांडी ओढत होते आणि हातांत जोर नव्हता. मिस्त्रीनं खिडकीतून हात घालून किल्ली फिरवली.

एकदम शांत झालं.

जन्मात पहिल्यांदा माझ्या पायानं काहीतरी घडलं होतं, आणि ते हे.

"कोई बात नहीं, दीदी," मिस्त्री म्हणाला. त्यानं वाकून माझा पाय पेडलवरून काढून बाजूला ठेवला, काचेची वस्तू ठेवावी तसा. मला त्या पायाला त्याच्या हाताचा ऊबदारपणा जाणवला, तेलाचा चिकटपणाही.

घरी त्यानंच सोडलं. मी शेजारच्या सीटवर. गल्लीच्या तोंडाशी थांबल्यावर मी सवयीनं सीट फिरवायला गेले. ती फिरली नाही, आणि तशीही ती सीट बाबांनी कधी फिरती केलीच नव्हती, ती तर आईची होती.

दुसऱ्या दिवशी ते गृहस्थ सुनेला घेऊन आले. सून हसरी, मोकळी. तिनं आधी आत बसून आरसा स्वतःच्या मापाचा केला, मग माझ्या पाया पडली. "आंटी, बहुत सँभाल के चलाऊँगी." गोदामाच्या आवारातून गाडी तिनं एका झटक्यात मागे घेतली. मला त्या आवारातून गाडी काढायला सात-आठ वेळा पुढे-मागे करावं लागायचं. ती गेल्यावर आवारात तेलाचा एक डाग राहिला होता. मी तिथे उभी राहिले, मग ऑटोवाल्याला हाक मारली. त्यानं विचारलं, "उठा के बिठाऊँ?" मी "हाँ" म्हटलं.

इकडे आल्यावर भाऊ म्हणाला, इथे हातांनी चालवायच्या गाड्या मिळतात, सरकार मदत करतं, चांगले चांगले लोक आहेत. त्यानं सगळी चौकशी केली होती. मला तपासायला घेऊन गेला. तपासणाऱ्या बाई फार गोड बोलल्या. माझ्या हातांना तारा जोडल्या, दांड्यासारखं काहीतरी धरून ढकलायला दिलं, पुन्हा ढकला म्हणाल्या, पुन्हा. मी माझी सगळी ताकद लावली. त्यांनी पडद्यावरचे आकडे पाहिले, माझा खांदा थोपटला आणि भावाशी इंग्रजीत बोलू लागल्या. मला इंग्रजी येतं. भावानं परतताना मराठीत सांगितलं तेव्हा त्यातलं अर्धं गाळलं.

सकाळी सगळे निघून जातात. भाऊ, भावजय, भाच्याची शाळा. भाच्याला मी बोलते ते कळतं, उत्तर मात्र तो इंग्रजीत देतो. खिडकीतून समोरच्या घरासमोर उभी गाडी दिसते, बर्फ पडला की तीही दिसत नाही. कुंडमच्या मुलीचं लग्न झालं असं त्या सहकारी बाईंनी कळवलं. शाळा सोडली का, मी विचारलं. त्यांना माहीत नव्हतं. मी मुलीचा नंबर लावून बघते कधी कधी; बंद येतो.

मागच्या रविवारी भावाला सुटी होती. मला खाली आणून, चाकाची खुर्ची मागे टाकून, त्यानं मला पुढच्या सीटवर बसवलं, पट्टा लावला. गाडी सुरू केली आणि फार प्रेमानं माझ्याकडे वळून म्हणाला, "बोल ताई, कुठं जायचं? आज तू म्हणशील तिथं."

मी समोर बघितलं. रस्ता सरळ होता, दोन्ही बाजूंना सारखीच घरं, पुढे एक वळण. त्या वळणापलीकडे काय आहे ते मला माहीत नव्हतं. इथल्या एकाही रस्त्याचं नाव मला येत नव्हतं.

"तूच ने कुठंतरी," मी म्हणाले. तो गाडी चालवायला लागला.